कमी खर्चात घर गार आणि उबदार: एसी-हीटर, कूलर की हॉट-अँड-कोल्ड?

खटपट्या

मधल्या मजल्यावरच्या आणि गच्चीखालच्या घराला एकच सल्ला देता येत नाही. म्हणून चर्चेसाठी एक खोली ठरवून घेऊ. ४ मी. × ३.५ मी., उंची ३ मी. दोन भिंती बाहेरच्या, २३० मिमी विटांच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा. पश्चिमेला २ चौ.मी.ची एकपदरी काचेची खिडकी. वर १५० मिमीचा उघडा स्लॅब. उन्हाळ्यात दुपारी बाहेर ३७ अंश, हिवाळ्यात पहाटे ५ अंश. माणसं दोन.

पर्याय: फक्त थंड करणारा स्प्लिट एसी (आतलं-बाहेरचं युनिट वेगळं) आणि जोडीला हीटर, हॉट-अँड-कोल्ड (एकच मशीन गारवाही देतं, ऊबही) इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलणारा) स्प्लिट, किंवा कूलर आणि हीटर. सेंट्रल डक्टिंग आणि व्हीआरएफ (एका मोठ्या बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्या) बजेटबाहेर. खरेदीचा खर्चही आवाक्यात हवा आणि दरमहा येणारं बिलही. दुकानात बहुतेक वेळा "दीड टन घ्या डोळे मिटून" असं उत्तर मिळतं. ते कितपत बरोबर? ब्रँडची भांडणं कृपया दुसऱ्या धाग्यावर.

उष्मागतिक

खोली ठरवून दिलीत ते बरं केलंत, आता आकडे मांडता येतात.

आधी हिवाळा, कारण तो हिशोब सोपा. बाहेर-आत एका अंशाचा फरक असताना किती वॉट उष्णता निसटते ते काढायचं. भिंतींचं यू-मूल्य (एका अंशाच्या फरकाला दर चौ.मी.तून जाणारे वॉट) साधारण २.१, खिडकी वगळून क्षेत्रफळ २०.५ चौ.मी., म्हणजे ४३ वॉट. काच ५.७ × २ = ११. उघडा स्लॅब ३.३ × १४ = ४६. फटींतून तासाला एकदा खोलीभर हवा बदलते असं धरलं तर ४२ घनमीटर × ०.३३ = १४. बेरीज अंशामागे ११४ वॉट. आत २० आणि बाहेर ५ असेल तर १५ अंशांचा फरक, म्हणजे १.७ किलोवॉट. यातला ४० टक्के वाटा एकट्या स्लॅबचा आहे.

उन्हाळ्यात उन्हाचा मारा धरून स्लॅबच्या वरच्या अंगाचं परिणामी तापमान आतल्यापेक्षा सहज ३० अंशांनी जास्त भरतं. ३.३ × १४ × ३० = सुमारे १.४ किलोवॉट. पश्चिमेच्या काचेतून दुपारी चारच्या सुमाराला ०.९ ते १. भिंती ०.५, फटी ०.१५, दोन माणसं आणि टीव्ही-दिवे मिळून ०.४. एकूण ३.४. हवेतली वाफ पाण्यात उतरवायला आणखी पाव भाग धरा: ४.२ किलोवॉट. १ टन म्हणजे ३.५ किलोवॉट, तेव्हा उत्तर १.२ टन येतं आणि दुकानदार दीड टन देतो. या खोलीच्या आजच्या अवस्थेत तो चुकत नाही.

पण आता स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक कडक फोम) बोर्ड टाका, यू-मूल्य ०.५ च्या आसपास येतं. स्लॅबची उष्णता १.४ वरून ०.२. खिडकीच्या बाहेरून छज्जा, चिक किंवा शेडनेट लावा, ०.९ वरून ०.२. एकूण १.४५, वाफेसकट १.८ किलोवॉट. पाऊण टनाचं (२.६ किलोवॉट) मशीन पुरून उरतं. हिवाळ्याचा भारही १.७ वरून १.१ वर येतो. मशीन निम्म्या आकाराचं होतं आणि बिल दर महिन्याला कमी येतं. टनांचा वाद त्यानंतर घाला.

पै_पै

इन्सुलेशन करा म्हणणं सोपं आहे. एक्सपीएस, त्यावर संरक्षक काँक्रीटचा थर, वॉटरप्रूफिंग, मजुरी. भाड्याच्या घरात किंवा सामाईक गच्ची असलेल्या इमारतीत हे कोण करू देणार? बजेटचा धागा आहे.

उष्मागतिक

रास्त आहे. मग स्वस्तापासून महागाकडे जा.

सर्वांत आधी खिडकीची सावली, आणि ती बाहेरून. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते. मग दारं-खिडक्यांच्या फटी: फोमची किंवा ब्रशची पट्टी, दाराखाली स्वीप. तिसरं, स्लॅबवर पांढरा परावर्तक लेप. साध्या करड्या स्लॅबपेक्षा भर दुपारी पृष्ठभाग १५-२० अंशांनी कमी तापतो. लेपाचं एक न्यून मात्र आहे, तो हिवाळ्यातलं हवंहवंसं ऊनही परतवतो आणि रात्री बाहेर जाणारी उष्णता अजिबात अडवत नाही. शिवाय धूळ बसली की गुण उतरतो, दरवर्षी धुवावा लागतो. बोर्डाचं इन्सुलेशन दोन्ही ऋतूंत काम करतं, म्हणून परवानगी आणि पैसे असतील तर तेच.

भाड्याचं घर असेल तर सावली आणि फटी एवढंच करा आणि १.२ टन गृहीत धरून पुढे चला.

कोरडी_हवा

कूलरला इतक्या लवकर मोडीत काढू नका. तो चालेल की नाही हे हवेतल्या ओलाव्यावर ठरतं, आणि त्याचाही हिशोब आहे. चांगल्या हनीकोम पॅडचा कूलर हवेला वेट बल्ब तापमानाच्या (पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते त्या अंशाच्या) दिशेने ८० टक्के अंतर कापून नेतो. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब साडेबावीसच्या आसपास, कूलरची हवा २६ अंशांची. तेच ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना वेट बल्ब २९ वर असतो, कूलरमधून ३० अंशांची चिकट हवा येते. पहिल्या हवामानात १५०-२०० वॉटमध्ये काम होतं, दुसऱ्यात कूलर हा महागडा पंखा.

मापाचं बोलायचं तर तासाला खोलीच्या २५ पट हवा लागते. ४२ × २५ = सुमारे १०५० घनमीटर. छापील आकडा बहुधा पॅडचा अडथळा न धरता मोजलेला असतो, म्हणून दीडपट घ्या. कूलर खिडकीत बाहेरची हवा ओढेल असा, आणि समोरची खिडकी उघडी. बंद खोलीत मधोमध ठेवलेला कूलर अर्ध्या तासात खोलीचं न्हाणीघर करतो आणि मग "कूलर गार करत नाही" म्हणून तक्रार. वर सांगितलेल्या कोरड्या हवेत कूलरला तासाला ७ लिटरच्या घरात पाणी लागतं. पाणी जड असेल तर टाकीतलं थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं, नाहीतर क्षार साचून पॅड दगड होतात.

वायरमन_दादा

हीटरबद्दल एक गैरसमज दर हिवाळ्यात वर येतो: ऑइल रेडिएटरला कमी वीज लागते. नाही हो! २ किलोवॉटचा ऑइल रेडिएटर, २ किलोवॉटचा ब्लोअर आणि २ किलोवॉटचा कन्व्हेक्टर तासाला सारखीच २ युनिटं खातात आणि सारखीच उष्णता देतात. रेडिएटर शांत असतो, बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देतो, हवेत धूळ जळल्याचा वास येत नाही. हे फायदे खरे, पण ते सोयीचे. थर्मोस्टॅट कट होतो म्हणून बिल कमी वाटतं, पण तो तिन्हींत असतो.

खरी बचत हवी तर खोलीऐवजी माणूस तापवा. टेबलाशी बसून काम करणाऱ्याला ४००-८०० वॉटचा हॅलोजन किंवा इन्फ्रारेड हीटर समोरून पुरतो. झोपताना ६०-१०० वॉटची विजेची अंथरी. खोली १४ अंशांवर असली तरी चालतं.

सुरक्षेचं: २ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर, तासन्‌तास. हे १६ अँपिअरच्या सॉकेटवर थेट लावा. एक्स्टेन्शन बोर्डाच्या पट्ट्या सैल होतात, तिथे ठिणग्या, मग वितळलेलं प्लास्टिक. आणि धुराडं नसलेला गॅस हीटर किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत झोपताना कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खटपट्या

@उष्मागतिक, मग हॉट-अँड-कोल्डचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?

उष्मागतिक

यावर हो-नाही असं उत्तर नाही, पण गुणाकार आहे. हॉट-अँड-कोल्डमध्ये चौमार्गी व्हॉल्व्ह गॅसचा प्रवाह उलटवतो. बाहेरचं कॉइल गार होतं, आतलं गरम. १ युनिट वीज घेऊन बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणल्यामुळे ३ युनिटं ऊब मिळते. हा सीओपी. हीटरचा सीओपी १.

वाचलेली युनिटं = सरासरी भार × तास × दिवस × (१ − १/सीओपी).

सुधारलेल्या खोलीचा सरासरी भार ०.८ किलोवॉट धरा. थंडी ७० दिवस, रोज ५ तास: २८० युनिटांची ऊब. हीटरला २८०, हीट पंपाला ९३. वर्षाला १८७ युनिटं वाचली. तुमच्या दराने गुणा आणि दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक त्याने भागा, किती वर्षांत वसूल ते कळेल. उलट, थंडी १२० दिवस, रोज १० तास, खोली न सुधारलेली (सरासरी १.२): १४४० युनिटांची ऊब, हीट पंपाला ४८०, बचत ९६०. इथे हीटर घेणं म्हणजे स्वस्त घेऊन दरवर्षी दंड भरणं.

माझा कल असा: थंडी महिना-दीड महिन्याची आणि ऊब संध्याकाळी दोन तास हवी, तर साधा थंड करणारा इन्व्हर्टर आणि एक छोटा हीटर. त्याहून लांब हिवाळा असेल तर हॉट-अँड-कोल्ड, दुसरा विचार नको.

बर्फाळ

एक भर घालतो. लेबलवरची हीटिंगची क्षमता आणि सीओपी बाहेर ७ अंश असताना मोजलेले असतात. पारा उतरला की दोन्ही घसरतात. साधं मशीन उणे ७ ला ६०-७० टक्के क्षमतेवर येतं, सीओपी दोन-अडीचवर. खोलीचा भार मात्र तेव्हाच सर्वांत जास्त असतो. म्हणून तुमच्याकडची सर्वांत थंड पहाट किती अंशांची ते बघा आणि त्या तापमानाचा आकडा तांत्रिक तक्त्यात शोधा. तक्ताच मिळत नसेल तर ते मॉडेल थंड प्रदेशासाठी नाही असं समजावं.

० ते ५ अंश आणि दमट हवा ही सर्वांत वाईट वेळ. बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो, मशीन तासा-दीड तासाने स्वतःच ५-१० मिनिटं उलटं फिरून तो वितळवतं. त्या वेळी आतला पंखा थांबतो आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघते. धूर समजून मेन स्विच बंद करणारे आणि "हीटिंग मधेच थांबतं" म्हणून मेकॅनिक बोलावणारे पुष्कळ आहेत. हा बिघाड नाही. बिघाड तेव्हा, जेव्हा बर्फ वितळतच नाही: गॅस कमी, डिफ्रॉस्ट सेन्सर सुटलेला किंवा बाहेरच्या युनिटचा तळ तुंबलेला. हिवाळ्यात पाणी बाहेरच्या युनिटखाली पडतं हे लक्षात घेऊन ते कुणाच्या डोक्यावर टांगू नका. तळाशी नोझल आणि पाइप लावा. गोठणाऱ्या हवेत मात्र पाइपऐवजी युनिट १५-२० सेंमी उंच ठेवून पाणी मोकळं पडू द्या.

पै_पै

शंका: मोठं मशीन घेतलं तर खोली लवकर गार होते आणि बंद पडतं, मग वीज कमी नाही का लागणार? आणि खिडकीतून नळी बाहेर काढायचे चाकांचे पोर्टेबल एसी स्वस्त दिसतात, इन्स्टॉलेशनचाही खर्च नाही.

उष्मागतिक

मोठं मशीन हवा पटकन गार करतं, पण वाफ काढायला कॉइल सलग थंड राहावं लागतं. चालू-बंद करत राहिलं तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं. २४ अंश आणि तरी अंग चिकट, असं होतं. इन्व्हर्टर हळू धावू शकतो, पण तळ असतो: दीड टनाचं मशीन साधारण १.३-१.५ किलोवॉटच्या खाली जात नाही. सुधारलेल्या खोलीचा रात्रीचा भार ०.६ असेल तर इन्व्हर्टरही चालू-बंदच करणार. क्षमतेसमोर कंसात किमान-कमाल आकडे छापलेले असतात, त्यातला किमान बघून घ्या.

एका नळीचा पोर्टेबल विसरा. तो खोलीतलीच गार केलेली हवा नळीतून बाहेर फेकतो, आणि तितकीच गरम हवा फटींतून आत ओढली जाते. नळी स्वतः तापते ती वेगळीच. भिंत फोडायची परवानगीच नसेल तर दोन नळ्यांचा किंवा खिडकीत बसणारा एसी.

दोन-तीन खोल्यांना एकच बाहेरचं युनिट असलेले मल्टी-स्प्लिट बजेटमध्ये बसत नाहीत असंच धरा. एक खोली चालू असताना मोठा कॉम्प्रेसर किमानावर रखडतो, आणि तो गेला की सगळं घर बंद. जागा असेल तर दोन सुटे स्प्लिट बरे.

फ्लेअरनट

मशीनवर एवढी चर्चा झाली, पण बहुतेक स्प्लिट बिघडतात ते बसवताना. घासाघीस मशीनच्या किमतीत करा, इथे नको.

पाइप: तांब्याचा, किमान ०.८ मिमी जाडीचा, कारण आर-३२ आणि आर-४१०ए या दोन्ही गॅसचा दाब जुन्या आर-२२ पेक्षा बराच जास्त. दोन्ही नळ्यांना स्वतंत्र इन्सुलेशन, एकत्र गुंडाळायचं नाही. लांबी ३ मीटरपेक्षा कमी नको. कारखान्यातून भरलेला गॅस किती मीटरला पुरतो ते मॅन्युअलमध्ये असतं. त्यावरच्या प्रत्येक मीटरला ग्रॅममध्ये भर, वजनकाट्यावर. "हाताला गार लागलं, झालं" हे गॅस भरणं नव्हे.

फ्लेअर (नटात बसवायला फुलवलेलं नळीचं टोक): कापलेल्या टोकाची आतली धार रीमरने काढायची, तेव्हा टोक खाली, म्हणजे कीस आत पडत नाही. नटाला टॉर्क पाना. पाव इंचाला १४-१८, तीन-अष्टमांशला ३४-४२, अर्ध्या इंचाला ४९-६१ न्यूटन मीटर. कमी आवळलं तर गळती, जास्त आवळलं तर फ्लेअर चिरतो आणि वर्षभराने गळती. "दरवर्षी गॅस टॉप-अप" ची कहाणी इथे सुरू होते. गॅस खर्च होत नाही, बंद नळीत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. जागा शोधल्याशिवाय टॉप-अप करू देऊ नका.

मग कोरड्या नायट्रोजनने दाब चाचणी आणि साबणपाणी. ऑक्सिजन चुकूनही नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट. त्यानंतर व्हॅक्यूम पंप, ५०० मायक्रॉनच्या (इथे हे निर्वाताचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) खाली, मग पंप बंद करून १०-१५ मिनिटं काटा बघायचा. वाढतच गेला तर गळती, थोडा वाढून स्थिरावला तर ओलावा. पंप पुन्हा चालवा. बरेच जण वेळ वाचवायला युनिटमधलाच थोडा गॅस सोडून हवा "हाकलतात". आत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल होतं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसरची वाट लागते. वॉरंटी असली तरी भांडत बसावं लागतं. शिवाय आर-३२ मंद का होईना ज्वलनशील आहे, तो खोलीत सोडायचा नाही.

ड्रेन पाइपला मीटरमागे किमान १ सेंमी उतार, मधे कुठे झोळ नको, टोक बादलीतल्या पाण्यात बुडवायचं नाही. बाहेरच्या युनिटमागे १०-१५ सेंमी, समोर ६० सेंमी तरी मोकळं. सौंदर्यासाठी जाळीच्या कपाटात कोंडलं तर तीच गरम हवा पुन्हा ओढली जाते.

वायरमन_दादा

विजेचं मी पुरं करतो. एसीला स्वतंत्र लाइन, पाऊण ते दीड टनाला २.५ चौ.मिमी तांब्याची वायर, अंतर लांब असेल तर ४. सी प्रकारचा १६ अँपिअर एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच (मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचं ऐका), मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा). अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का ते तपासून घ्या, इन्व्हर्टरच्या पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाला) त्यावाचून चैन नाही.

खटपट्या

बसवून झाल्यावर काम नीट झालंय हे स्वतः कसं तपासायचं? आणि हिवाळ्यात आतलं युनिट इतकं वर असेल तर पायाशी ऊब येईल का?

फ्लेअरनट

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. १५ मिनिटं पूर्ण वेगात चालवून, वरून आत जाणाऱ्या आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेतला फरक मोजा. कूलिंगला ८ ते १२ अंश, हीटिंगला १५ ते २०. हवा फार दमट असेल तर कूलिंगचा फरक थोडा कमी येतो, घाबरू नका. जाड नळीवर किंवा तिच्या व्हॉल्व्हवर बर्फ दिसला तर गडबड: गॅस कमी, नाहीतर फिल्टर तुंबलेला. तांत्रिक माणसाकडून व्हॅक्यूमचा आकडा आणि वजनाने भरलेला गॅस बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी येणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

उबेचं म्हणाल तर हवा वर चढते, त्यामुळे वरचा सेन्सर लवकर समाधानी होतो आणि खाली पाय गारच. युनिट २.२ मीटरच्या आसपास लावा, झडपा पूर्ण खाली, रिमोटमध्ये सेन्सर असेल तर तो चालू करून रिमोट जवळ ठेवा. नसेल तर हव्या तापमानापेक्षा २ अंश जास्त लावा. सीलिंग फॅन उलटा फिरत असेल तर अगदी मंद वेगात, वरची ऊब भिंतीलगत खाली उतरते. उन्हाळ्यात २६-२७ वर एसी आणि सोबत पंखा. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून रिकाम्या खोलीत बंद. फिल्टर दोन्ही ऋतूंत दर पंधरवड्याला धुवा.

पै_पै

इन्सुलेशन स्लॅबच्या आतून, छताला खालून लावलं तर? गच्चीची परवानगीच लागणार नाही.

उष्मागतिक

उष्णता अडते, पण स्लॅब उन्हात तसाच तापतो-आकसतो, त्याच्या भेगा आणि वॉटरप्रूफिंगचा प्रश्न तसाच राहतो. हिवाळ्यात खोलीतली वाफ बोर्डाच्या सांध्यांतून थंड स्लॅबपर्यंत पोचली तर तिथे पाणी सुटून बुरशी धरते. म्हणून सांधे टेपने बंद, खोलीच्या बाजूने वाफरोधक थर, आणि खाली जिप्सम बोर्ड, कारण उघडा फोम आगीत घातक. स्लॅब आधीपासून गळत असेल तर ती गळती थांबल्याशिवाय आतून काहीही लावू नका, पाणी बोर्डामागे लपून सळया गंजवत राहील.

खटपट्या

मग या खोलीचा हिशोब असा: खिडकीला बाहेरून शेडनेट, फटींना पट्ट्या, गच्चीवर आधी लेप आणि जमेल तेव्हा बोर्ड. बोर्ड होणार असेल तर पाऊण टन, नाहीतर सव्वाच्या आसपास मिळेल ते. हिवाळ्याचे तास मोजून मग हॉट-अँड-कोल्ड की साधा. इन्स्टॉलेशनच्या कोटेशनमध्ये नायट्रोजन, व्हॅक्यूम आणि वजनाने गॅस या तीन ओळी वेगळ्या मागायच्या. कुणाकडे उणे तापमानातले तक्ते असतील तर मॉडेल क्रमांकासह इथेच टाका.